चांदीचे डोळे

आमचे दादा रस्त्यात हात करणाऱ्या प्रत्येकाला हात करायचे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांची स्वतःची जीप होती, लष्कराच्या लिलावातली, दारं नसलेली, सायलेन्सर कधीचाच गेलेला. सकाळी पडेगावहून ते शहरात जायचे, भडकल दरवाजापाशी माणसं भरायचे आणि दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ करत कन्नड गाठायचे. या सबंध रस्त्यावर त्यांना न ओळखणारा माणूस सापडला नसता. विहिरीवरून, टपरीवरून, बांधावरून कुणी हात वर केला की दादांचा उजवा हात स्टिअरिंगवरून कपाळापर्यंत जायचा आणि तोंडभर हसू पसरायचं. एकदा मी विचारलं, "कोण होता तो?" तर म्हणाले, "कुनाला ठावं. हात केला ना त्यानं?"

मला तेव्हा या सवयीचं कौतुक होतं. वर्गातल्या मुलींना मी अभिमानानं सांगायची की माझ्या वडिलांना अख्खा रस्ता रामराम घालतो. आता ती सवय मी कुणाला सांगत नाही.

दादांचं शिक्षण उर्दू चौथीपर्यंत. निजामाच्या काळात ते एका जहागीरदाराच्या मोटारीवर क्लीनर होते. पोलीस ॲक्शन झाली, जहागीरदार हैदराबादला गेले आणि दादांच्या हातात फक्त गाडी चालवायची विद्या उरली. पुढं कन्नडकडच्या गावातली जमीन चुलत्यांकडं ठेवून ते पडेगावला येऊन राहिले. मराठी वाचायला ते मोठेपणी शिकले, आणि मोठेपणी शिकलेल्या माणसाला जसा वाचनाचा सोस असतो तसा त्यांना होता. श्रावणात गल्लीतल्या मारुतीच्या देवळात पोथी वाचायचा मान त्यांचा. आवाज खणखणीत होता. कुठं थांबायचं, कुठं बायकांकडं बघून भुवया उडवायच्या, हे त्यांना बरोबर कळायचं.

पण चाळिशी उलटली आणि अक्षरं दिसेनात. पोथी हातभर लांब धरायची, मग आणखी लांब. शेवटी चाळशी आली. जवळचं दिसण्यासाठी लावायचा तो साधा चष्मा, मध्यभागी फुगीर काचांचा. दादांना त्याची भारी लाज वाटायची. त्याची एक काडी मोडली होती, तिथं मायनं दोरा बांधून दिला होता. देवळात बसल्यावर दादा तो दोरा कानामागं अडकवायचे आणि पोरंसोरं खुदखुदायची. मायला ते सहन व्हायचं नाही. तिनं गावच्या देवीला नवस बोलून ठेवला: माझ्या मालकाची नजर माघारी दे, तुला चांदीचे डोळे वाहीन.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाचा श्रावण. उकाडा मरणाचा होता. वाचता वाचता दादांनी घाम पुसायला चष्मा काढून मांडीवर ठेवला, कपाळ पुसलं आणि पुढची ओवी वाचली. मग त्यापुढची. बायकांमधून कुणीतरी म्हणालं, "दादा, चाळशी?" दादा थांबले. पोथीकडं बघितलं, मांडीवरच्या चष्म्याकडं बघितलं, परत पोथीकडं बघितलं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "दिसतंय की." देवळात एकदम गलका उठला. माय रडायलाच लागली. मीही रडले, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले.

पुढं नवरात्रात आम्ही गावी गेलो. मायनं शहरातल्या सराफ्यातून चांदीच्या पत्र्याचे डोळे आणले होते, बोटाएवढे लांब, आत बुबुळाचा वाटोळा ठसा. आमच्याकडं अशी पद्धत आहे की देवीनं नजर दिली की नुसते डोळे वाहून भागत नाही, चष्माही तिच्यापुढं ठेवून यायचा आणि परत त्याला शिवायचं नाही. परत शिवलं म्हणजे तिच्या देण्यावर अविश्वास. पुजाऱ्यानं दादांचा दोरा बांधलेला चष्मा उचलला आणि गाभाऱ्याच्या बाहेर भिंतीतल्या खिळ्याला लटकावला. तिथं आधीचेच चार-पाच चष्मे लटकत होते, काचांवर तेलकट धूळ साचलेली. माय त्यांच्याकडं बघून म्हणाली, "बघ, किती जणांला दिली तिनं नजर." मला ते तेव्हा छान वाटलं. त्या चष्म्यांचे मालक पुढं कुठं गेले, त्यांचं काय झालं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

दिवाळीनंतर बारीकसारीक गोष्टी घडायला लागल्या. एकेक सुटी धरली तर हसण्यावारी नेण्यासारखी. पडेगावच्या वळणावर कुणीतरी कुंपणावर धोतर वाळत घातलं होतं, वाऱ्यानं त्याचं टोक उडत होतं. दादांनी त्याला हात केला. मी शेजारीच बसले होते, मला वाटलं कुंपणापलीकडं माणूस असेल. मावशी आली तेव्हा अंगणातून ती पुढं येईपर्यंत दादा गप्प उभे राहिले आणि तिनं हाक मारल्यावर मग म्हणाले, "आगं, तू व्हय!" घरात मात्र सगळं उत्तम चाललं होतं. दादा वर्तमानपत्राचं बारीक टायपातलं वाचायचे, सुईत दोरा ओवून मायला द्यायचे. सुईत दोरा ओवला की माय आल्यागेल्याला सांगायची. ती कौतुकानं सांगत असायची आणि मला कुंपणावरचं धोतर आठवायचं. का, ते मात्र सांगता आलं नसतं.

मग एक दिवस जीपचा आरसा फुटला. ड्रायव्हरच्या अंगाला बाहेर दांडीवर बसवलेला एकच आरसा होता, तो दांडीसकट मागं वाकला होता आणि काच गेली होती. त्या दिवशी कन्नडचा बाजार. बाजारातली माणसं परत आणायला दादा दुपारी रिकामी जीप घेऊन निघाले होते, ऊन समोरून तोंडावर येत होतं. खुलताबादच्या पुढं रस्त्यावर मोठे वड आहेत. "वडाची पारंबी लागली," दादा म्हणाले. "वाऱ्यानं आडवी आली असल." माय म्हणाली, आरशावर निभावलं, देवीची कृपा. कुणी जास्त विचारलं नाही. त्या रस्त्याच्या वडांच्या पारंब्या खरंच खाली लोंबायच्या, टपांना घासायच्या. रस्ताही तेव्हा एका गाडीपुरताच डांबरी होता.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर गावी जायला निघाले. दौलताबादला रस्ता जुन्या दरवाजातून जातो, एका वेळी जेमतेम एक गाडी. दादा नेहमी लांबूनच बघायचे, पलीकडून कुणी येत असेल तर थांबायचे. त्या दिवशी त्यांनी लांबून बघितलंच नाही. दरवाजाच्या आधी गाडी हळू केली, इंजिन जवळजवळ बंद पाडलं, मान किंचित वाकडी केली आणि कान दिला. पलीकडून आवाज येत नाही म्हटल्यावर भोंगा वाजवत आत शिरले. आत एक सायकलवाला होता. तो भिंतीला पाठ लावून चिकटला, त्याचा पंचा माझ्या गुडघ्याला घासून गेला. मागं बसलेल्यांपैकी कुणीतरी शिवी हासडली, सायकलवाल्याला. दादा हसले. मी दादांच्या डोळ्यांकडं बघत राहिले. ते रस्त्याकडं बघत होते आणि तरी रस्ता बघत नव्हते. रस्ता त्यांना पाठ होता, इतकंच.

त्या जीपमध्ये रोज दहा-बारा माणसं बसत होती. त्यांत बाळंतिणी असत, म्हातारे असत, कडेवरची पोरं असत. रोज सकाळी कॉलेजला जाताना त्यांत मीही असायची. घरी कुणाला म्हणावं तर काय म्हणावं? ज्या माणसाला सुईचं नेढं दिसतं त्याला दिसत नाही, असं म्हणावं?

उत्तर मला प्रयोगशाळेत मिळालं, आणि मी ते शोधत नव्हते. आम्हाला प्रकाशाचा विषय शिकवणारे सर पोलीस ॲक्शनच्या आधी उर्दूतून शिकलेले. मराठी त्यांनी नंतर मेहनतीनं कमावलं होतं, पण भिंगाला ते अजून अदसाच म्हणायचे. फुगीर तो मुहद्दब, पोकळ तो मुकअर. मुली तोंडाला पदर लावून हसायच्या. सर म्हणायचे, "हसा, हसा. किरण तुमचं मराठी नै ऐकत, माझं उर्दूबी नै ऐकत."

त्या दिवशी त्यांनी खोलीच्या सगळ्या खिडक्या लावून एकच उघडी ठेवली. एक फुगीर भिंग उभं केलं आणि मागं पांढरा पुठ्ठा सरकवत नेला. एका जागी पुठ्ठ्यावर बाहेरचं चिंचेचं झाड उमटलं, उलटं, शेंडा खाली. त्याची पानं हलत होती. सर म्हणाले, "हा अदसा म्हणजे डोळ्यातला अदसा. पुठ्ठा म्हणजे डोळ्याच्या मागचा पडदा. पुठ्ठा मी हलवू शकतो, अल्लानं डोळ्यातला पडदा हलणारा नै दिला. तो जागीच राहतो." मग त्यांनी पुठ्ठा जागीच पक्का केला, भिंग काढलं आणि त्याच ठिकाणी जास्त फुगीर भिंग ठेवलं. झाड नाहीसं झालं. पुठ्ठ्यावर नुसता हिरवट डाग राहिला. "किरण जास्त वाकले. झाडाचं चित्र पुठ्ठ्याच्या आधीच तयार झालं आणि पुढं विस्कटलं." मग त्यांनी एक मेणबत्ती पेटवून हळूहळू भिंगाच्या जवळ आणली, आणि पुठ्ठ्यावर ज्योत स्वच्छ उमटली, तिच्या वातीचं काळं टोकसुद्धा. "बघा. जवळचं साफ. दूरचं गायब."

हिरव्या डागाकडं बघत मी उभी राहिले. बाकीच्या मुली मेणबत्तीकडं बघत होत्या.

तास संपल्यावर मी सरांना थांबवलं आणि विचारलं, की एखाद्या माणसाला चाळशी होती आणि आता ती लागत नाही, बारीक अक्षर दिसतं, तर डोळा बरा झाला असं म्हणायचं ना? सरांनी हातातली भिंगं कापडात गुंडाळायची थांबवली. "कोण आहे?"

"वडील."

"काम काय करतात?"

मी सांगितलं. सर स्टुलावर बसले. "बेटा, माझ्या वालिदचं असंच झालं होतं. चष्मा सुटला म्हणून आम्ही मिठाई वाटली. साऱ्या मोहल्ल्याला." मग समजावून सांगितलं. वयानं डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं, कुणाकुणाचं इतकं, की ते जास्त फुगीर भिंगासारखं किरण वाकवायला लागतं. चाळशीचं काम डोळाच करतो, म्हणून अक्षर दिसतं. पण दूरचं सगळं पडद्याच्या आधीच विस्कटतं. आणि ती मोतीबिंदूची सुरुवात असते. पुढं भिंग गढूळ होतं, समोरून ऊन आलं की सगळं पांढरं दिसतं, आणि मग जवळचंही जातं. "हे देणं नै आहे बेटा, ही नोटीस आहे. त्यांना गाडी चालवू देऊ नको."

मी विचारलं, दूरचं परत दिसण्यासारखं काही आहे का. सरांनी पेटीतून एक पोकळ भिंग काढलं. एकटं ते पुठ्ठ्यावर काहीच उमटवत नव्हतं, कुठंही धरलं तरी नुसता मंद उजेड. पण त्या जास्त फुगीर भिंगापुढं धरल्यावर, हिरव्या डागातून चिंचेचं झाड परत बाहेर आलं. पोकळ भिंग किरणांना आधी फाकवतं, मग फुगीर भिंगानं जास्त वाकवलेलं निभावून जातं. काही दिवस असा चष्मा चालेल, सर म्हणाले, पुढं ऑपरेशन. त्यांनी तसली दोन-तीन भिंगं कमी-जास्त पोकळ अशी मला दिली आणि म्हणाले, लावून बघ, पण आधी त्यांना दवाखान्यात ने.

घरी त्या संध्याकाळी जे झालं ते लिहितानासुद्धा मला राग येतो. माय भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, झाड, पुठ्ठा, मेणबत्ती. तिनं हात धुतले. "देवीनं दिलेलं डोळं दवाखान्यात दाखवायचं? चष्मा तिच्याम्होरं ठिऊन आलो आपन. आता दुसरा लावला तर ती दोन्ही डोळं घेईल." मी म्हणाले, देवीचा काही संबंध नाही, हा मोतीबिंदू आहे. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिचा हात ओला होता. ती घाबरली होती. दादा भिंतीला टेकून पेपर वाचत होते, चष्म्याविना. त्यांनी मान वर केली नाही. "मला दिसतंय की," एवढंच म्हणाले, देवळात म्हणाले होते तसंच. पण या वेळी त्या आवाजात नवल नव्हतं. मला वाटलं, यांना माहीत आहे. थोडंसं तरी माहीत आहे.

मी जीपमधून जायचं सोडलं. सायकल मागून घेतली, आणि रोज संध्याकाळी रस्त्याकडं कान लावून बसायची. सायलेन्सर नसलेली ती जीप लांबून ऐकू यायची. आवाज आला की मी उठून कामाला लागायची.

पडेगावच्या आमच्या घराच्या मागं उंचवटा होता. तिथून दौलताबादचा किल्ला दिसतो, डोंगराचा ताशीव कडा आणि खाली मिनार. माघातली एक सकाळ, आदल्या रात्री अवकाळी शिंतोडे येऊन गेले होते, हवा धुतल्यासारखी होती. दादा तिथं दात घासत उभे होते. मी शेजारी जाऊन म्हणाले, "दादा, किल्ला काय स्वच्छ दिसतोय."

ते म्हणाले, "कुठं गं. लई धुरळा हाय. महिना झाला, धुरळाच हटंना."

ओच्यातून एक भिंग काढून त्यांच्या उजव्या डोळ्यापुढं धरलं आणि दुसरा डोळा तळहातानं झाकला. ते मागं सरकले नाहीत. मी भिंग बदललं. दुसरं धरल्यावर त्यांनी मान पुढं काढली. ते किती वेळ बघत होते कोण जाणे. मग हलकेच म्हणाले, "मिनार दिसतोय. कड्यावर झाड हाय एक. ते हाय का खरंच?"

"आहे."

"पाखरं फिरत्यात."

"हो."

त्यांनी भिंग माझ्या हातातून घेतलं, स्वतः धरलं. पुन्हा काढलं, पुन्हा धरलं. किल्ला येत होता आणि जात होता. मला वाटलं त्यांना आनंद होईल. मी अगदी तयारीत होते, आता हसतील म्हणून. पण त्यांचा चेहरा उतरत गेला. "कधीपास्नं असं हाय?" त्यांनी विचारलं.

"चाळशी सुटली तेव्हापासून. कदाचित आधीपासून."

ते तसेच वळले आणि भिंग मुठीत धरून जीपपाशी गेले. वाकलेल्या दांडीवर हात फिरवला. आरसा अजून बसवला नव्हता. "माय कुठं हाय?" म्हणाले. ती पाणी आणायला गेली होती. "चल माझ्यासंगं."

जीप त्यांनी काढली नाही. आम्ही रस्त्यावर उभं राहून एसटी पकडली आणि खुलताबादच्या पुढं उतरलो. उतरल्यावर ते सरळ त्या वडापाशी गेले. जागा त्यांना पक्की माहीत होती, वळणानंतरचा उजवीकडचा वड. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि वर बघितलं. मीही वर बघितलं. रस्त्याच्या अंगाच्या सगळ्या पारंब्या छाटलेल्या होत्या, दोन पुरुष उंचीवर. छाटाची तोंडं जुनी होती, काळी पडून सुकलेली. जीपच्या आरशापर्यंत येईल असं त्या झाडाला रस्त्याच्या बाजूला काहीच नव्हतं.

दादा वर बघतच राहिले. "मग काय लागलं?" ते म्हणाले. मला विचारत नव्हते.

वडामागच्या रानात मेंढरं बसली होती. ज्वारी काढलेल्या रानात हिवाळाभर धनगरांचा मुक्काम होता, जाळीचं कुंपण, दोन घोडी, खाटेवर उलटी ठेवलेली भांडी. एक बाई सावलीत बसून लोकर कातत होती. आम्हाला बघून ती उठली. दादांकडं टक लावून बघितलं आणि कातायची चाती खाली ठेवली. चाती तिच्या डाव्या हातात होती. उजवा हात कोपरापासून बाहेर वळलेला होता, सुकलेल्या फांदीसारखा, मूठ अर्धीच मिटलेली.

"तुमीच ना ते," ती म्हणाली. "जीपवाले."

दादांनी मान हलवली.

"आरशानं हात गेला माझा. हाडवैद्यानं बांधला, पन वाकडाच बसला." ती ओरडत नव्हती. शांत आवाजात सांगत होती, आणि म्हणून जास्त वाईट वाटत होतं. "कोकरं रस्त्यात व्हती. म्या कडंला हुभी राहून हात आडवा केला, थांबा म्हनून. तुमी बगितलं माझ्याकडं. हसलात. हात बी केला मला. मंग तशीच घातलीत गाडी."

दादा म्हणाले, "मला दिसलं नाय, बाई."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, असं मला वाटलं. "दिसलं नाय, तर हात कुनाला केला?"

माझ्याकडं याचं उत्तर होतं. पुठ्ठा, पडदा, समोरचं ऊन, विस्कटलेले किरण, सगळं मला नीट सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंसुद्धा. दादांनी माझा दंड धरला आणि मला गप्प केलं. त्यांनी खाली बसून त्या बाईच्या पायावर डोकं ठेवलं. ती घाईनं मागं सरली, "असं नगा करू, मोठं मानूस तुमी," म्हणाली. दादा म्हणाले, दवाखान्यात चला, हात नीट करून आणतो. ती म्हणाली, ते परत मोडून जोडत्यात, मला मोडायचा नाय परत. मग तिनं डाव्या हातानं चाती उचलली आणि परत कातायला बसली. तिला डाव्या हातानं अजून जमत नव्हतं. धागा तुटत होता.

दादांनी जीप पुन्हा चालवली नाही. ती कन्नडच्या एका माणसानं नेली. मायला आम्ही त्या बाईबद्दल सांगितलं तेव्हा तिनं बराच वेळ देव्हाऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊ." त्या काळी मोतीबिंदू पिकल्याशिवाय डॉक्टर हात लावत नसत. पिकेपर्यंत दादांनी पोकळ काचांचा चष्मा लावला, मग सगळंच पांढरं झालं, मग ऑपरेशन झालं. डोळ्यातलं भिंग काढून टाकलं आणि त्याच्या बदल्यात नाकावर जाड, खूप फुगीर काचांचा चष्मा आला. त्यामागं दादांचे डोळे भलतेच मोठे दिसायचे. पण दूरचं त्यांना लख्ख दिसायला लागलं, किल्ल्यावरचं झाडसुद्धा.

संध्याकाळी ते ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसायचे. जाणारी येणारी माणसं ओळखीची. जीपमधून, बैलगाडीतून, एसटीच्या खिडकीतून कुणी ना कुणी हात करायचंच. दादांचा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा. ते त्या मोठ्या डोळ्यांनी हात करणाऱ्याकडं नीट बघायचे, गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघायचे, आणि मग माझ्याकडं वळून विचारायचे, "थांब म्हनत व्हता का गं तो?"

"नाही दादा. रामराम घातला त्यानं."

"नक्की बगितलं का तू?"

मी हो म्हणायची. रस्त्यावरची माणसं म्हणायला लागली की जीप विकल्यापासून दादा ओळख देत नाहीत, ताठले. मी कुणाला काही सांगायला गेले नाही. दादा गेले त्या दिवशी त्यांचा हात मायच्या हातात होता आणि खिडकीतून शेजारच्यानं आत बघत हात केला. दादांनी तेव्हाही मला तेच विचारलं.